जन्म की भूक? : सोलापूरच्या ‘सेटलमेंट’चा इतिहास

एखाद्या देशात गुन्हे वाढतात ते कशाने, या प्रश्नास आजवर मुख्यतः दोन उत्तरे देण्यात आली आहेत. काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात, तो दोष त्यांच्या रक्तातूनच उतरलेला असतो, हे पहिले उत्तर. माणूस परिस्थितीच्या कोंडीत सापडला म्हणजे अपराधास प्रवृत्त होतो, हे दुसरे. पहिले उत्तर सोयीचे आहे, कारण ते समाजाच्या माथी कसलीच जबाबदारी मारीत नाही. दुसरे तितकेच गैरसोयीचे आहे, कारण ते मान्य केले की चोराच्या चौकशीबरोबर आपल्या अर्थव्यवस्थेचीही चौकशी करणे भाग पडते. युरोपातील पंडितांनी हा वाद ग्रंथांतून घातला. आमच्या सोलापुरात मात्र तो ग्रंथांत राहिला नाही. येथे ही दोन्ही उत्तरे सरकारी नियमांचे रूप घेऊन, एकाच राज्यकर्त्यांच्या सहीने, जिवंत माणसांवर लागू झाली.

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जाणारा एक भाग आहे, आणि त्याला लागून क्रमांक घातलेल्या ‘फ्री कॉलनी’ आहेत. शहरातील आबालवृद्धांच्या तोंडी ही नावे आहेत. परंतु कॉलनीस ‘फ्री’ हे विशेषण का लावावे लागले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. जी वस्ती ‘मुक्त’ म्हणवली जाते, तिच्या शेजारी एके काळी बद्ध वस्ती असली पाहिजे, हे उघड आहे. त्या बद्ध वस्तीचा इतिहास पाहिला असता गुन्हा आणि परिस्थिती यांच्या संबंधाविषयी जे शिकावयास मिळते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक बोधप्रद आहे.

प्रथम युरोपातील वादाची थोडक्यात ओळख करून घेऊ. बेल्जियन गणिती केतले याने १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फ्रान्समधील फौजदारी खटल्यांची कोष्टके तपासली. सर्वांत दरिद्री प्रांतात सर्वांत अधिक गुन्हे असावेत असे आपणास सहज वाटते. परंतु त्याला तसे आढळले नाही. जेथे संपत्ती आणि दारिद्र्य शेजारी शेजारी नांदतात, आणि जेथे माणूस बऱ्या स्थितीतून एकाएकी विपन्नावस्थेत कोसळतो, तेथे गुन्ह्यांस अनुकूल भूमी तयार होते, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे १८६७ साली जर्मन संख्याशास्त्रज्ञ फॉन मायर याने बव्हेरिया प्रांतातील सुमारे पाव शतकाचे आकडे मांडून दाखविले की, राय या धान्याचा भाव सहा क्रॉयत्सरने चढला म्हणजे दर लाख वस्तीमागे एक चोरी वाढते. याच्या उलट, इटालियन वैद्य लोंब्रोसो याने १८७६ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ काढून जन्मसिद्ध गुन्हेगाराची कल्पना रूढ केली आणि कवटीच्या व जबड्याच्या ठेवणीत अपराधाची लक्षणे शोधली. त्याचे हे शास्त्र पुढे टिकले नाही. परंतु ज्या कल्पनेस तो शास्त्राचे रूप देऊ पाहत होता, तिला हिंदुस्थानात पाच वर्षे आधीच कायद्याचे रूप मिळाले होते.

१८७१ साली हिंदुस्थान सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’, म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा, संमत केला. त्या वेळी कायदेखाते फिट्झजेम्स स्टीफन या विख्यात इंग्रज कायदेपंडिताकडे होते. या कायद्याच्या समर्थनार्थ जी विचारसरणी मांडली गेली, ती मोठी लक्षणीय आहे. या देशात धंदे जातीवर ठरतात. सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर. तेव्हा ज्यांचा पिढीजात धंदाच चोरीचा आहे, अशाही जाती येथे असल्या पाहिजेत, आणि त्यांतील मूल चोरच निपजणार, असा हा तर्क होता. सरकारने एखाद्या जमातीचे नाव गॅझेटात छापले की त्या जमातीतील स्त्री, पुरुष, मूल, सर्वांवर तो शिक्का बसे; आणि त्या प्रसिद्धीविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय कायद्यानेच बंद केली होती.

हा तर्क इंग्रजांचा खरा. पण त्याचा कच्चा माल कोणी पुरविला, हेही आपण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. जन्मावरून माणसाचा धंदा, धंद्यावरून त्याची योग्यता, आणि योग्यतेवरून त्याला गावात की गावाबाहेर जागा द्यावयाची ते ठरविण्याची रीत स्टीफनसाहेबांनी विलायतेहून आणली नव्हती. ती येथे नांदतच होती. त्यांनी आपल्याच घरातील माप उचलले आणि त्यावर सरकारी मोहोर उठविली. म्हणूनच, राज्यकर्त्यांच्या इतर अनेक कायद्यांवर तुटून पडणाऱ्या सुशिक्षित वर्गाला हा कायदा दीर्घकाळ फारसा खुपला नाही.

आता ज्यांच्यावर हा शिक्का बसला ते लोक कोण होते? आपल्या भागापुरते बोलावयाचे तर कैकाडी, पारधी, मांगगारुडी, भामटे, लमाण अशी नावे सांगता येतील. यांतील बहुतेक जण फिरते होते, आणि त्यांच्या फिरण्यास अर्थ होता. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ देशोदेशी पोहोचवीत. दक्षिणेतील मोहिमांत फौजांना दाणागोटा पुरविण्याचे काम याच तांड्यांनी केले. कैकाडी टोपल्या आणि कणग्या विणीत, आणि त्यांचीच दक्षिणेकडील भावंडे मिठाचा व्यापार करीत. पारधी फासे लावून शिकार करी. गावगाड्याच्या कडेकडेने का होईना, त्यात या सर्वांना जागा होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जागा एकेक करून निघून गेली. १८६० साली पुण्याहून येणारा लोहमार्ग सोलापुरास पोहोचला, आणि पुढे १८७१ साली तो रायचूरपर्यंत जाऊन मद्रासच्या मार्गास मिळाला. जो माल वाहून नेण्यास तांड्याला महिना लागे, तो आगगाडी दोन दिवसांत नेऊ लागली. १८७८ च्या जंगल कायद्याने रानातला बांबू, गवत आणि शिकार यांवर सरकारचा हक्क सांगितला. १८८२ च्या कायद्याने मिठावरील सरकारची पकड घट्ट केली. राखणदारीवर जगणाऱ्या रामोशांवर तर हा प्रसंग त्याच्याही आधी आला होता. किल्ल्यांची आणि गावांची राखण ज्यांच्याकडे होती, त्यांचे ते हक्क पेशवाईनंतर गेले. उमाजी नाइकाचे बंड आणि १८३२ साली पुण्यात त्याला झालेली फाशी हा त्याच गोष्टीचा परिपाक होय. कालचा राखणदार आज दरोडेखोर ठरला. त्याचे रक्त मात्र तेच होते. बदलली होती ती त्याची भाकरी.

केतलेने फ्रान्समध्ये जे पाहिले, तेच हे. आयुष्यभर गरीब असणारा मनुष्य गरिबीशी कसाबसा जुळवून घेतो. ज्याच्या पायाखालची वाट एकाएकी खचते, त्याला जुळवून घेण्यास अवसर मिळत नाही. लोहमार्गाच्या बाबतीत तर यात विलक्षण योग जुळून आला. ज्या आगगाडीने फिरत्यांचा धंदा बुडविला, त्याच आगगाडीत उतारूंच्या गाठोड्यांवर हात मारणारे म्हणून भामट्यांचे वर्णन पोलीस अधिकारी केनेडी यांनी १९०८ साली मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर लिहिलेल्या पुस्तकात आले. पुस्तक बारीक निरीक्षणांनी भरलेले आहे. कोणती जमात कशी चोरी करते, हे त्यात आहे. परंतु तिचा पूर्वीचा पोटाचा व्यवसाय कशाने गेला, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

दुसरे उत्तर सोलापूरच्या दारी आले ते १८७६ साली. त्या वर्षी पाऊस गेला, आणि १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत जो भीषण दुष्काळ पडला, त्यात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. १८७२ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची वस्ती सात लाखांच्या पुढे होती. १८८१ च्या खानेसुमारीत ती सहा लाखांच्याही आत आली. ज्या नऊ वर्षांत वस्ती वाढावयाची, त्या काळात ती लाखाहून अधिक घटली. कित्येक मेले, कित्येक परागंदा झाले. दुष्काळापूर्वीच शेतकरी कर्जात बुडाला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, सावकाराचे व्याज मात्र उतरले नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. हे कुणबी कोणत्याही गुन्हेगार जमातीचे नव्हते. आणि दुष्काळाने व्याकूळ झालेला मुलूख पाहून १८७९ साली रामोशांच्या साह्याने दरोडे घालणारे वासुदेव बळवंत फडके हे तर लष्करी हिशेबखात्यात नोकरी केलेले ब्राह्मण होते. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने जो दरोडा, त्याचे मूळ जातीत शोधणाऱ्यास या दोन उदाहरणांनीच निरुत्तर व्हावे लागते.

या दुष्काळानंतर सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० साली आला आणि त्याच्या आधारे प्रांतोप्रांतीचे ‘फॅमिन कोड’, म्हणजे दुष्काळाची नियमावली, तयार झाली. दुष्काळ येतो आहे हे अधिकाऱ्याने कशावरून ओळखावे, याची लक्षणे त्या नियमांत दिलेली असत. धान्याचे भाव चढणे, सावकाराने हात आखडणे, माणसे निरुद्देश गाव सोडून भटकू लागणे. आणि त्यांतच आणखी एक लक्षण असे: गुन्ह्यांत वाढ होणे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एकाच सरकारच्या एकाच कचेरीतील कपाटात ही दोन पुस्तके पुढे शेजारी शेजारी आली. एकात लिहिले होते की, चोऱ्या वाढल्या तर समज की लोक उपाशी आहेत, आणि खडी फोडण्याची कामे काढून त्यांना मजुरी दे. दुसऱ्यात लिहिले होते की, या या जमातींतील माणसे जन्मतः चोर आहेत, त्यांची हजेरी घे. पहिल्यात भटकणे हे उपासमारीचे चिन्ह होते. दुसऱ्यात भटकणे हाच गुन्ह्याचा पुरावा होता. ही विसंगती त्या काळी कोणास खटकल्याचे दिसत नाही. याचे कारण उघड आहे. पहिले पुस्तक कुणब्यासाठी होते, तो सारा भरीत असे. दुसरे ज्यांच्याकडून सारा येत नसे त्यांच्यासाठी होते.

१८७१ चा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लावता येऊ लागला, आणि १९२४ साली त्याची एकत्रित आवृत्ती निघाली. विजापूर येथे सनदी अधिकारी स्टार्ट यांनी या जमातींना एका ठिकाणी वसवून कामास लावण्याचा उपक्रम आधीच सुरू केला होता; पुढे विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर, बारामती अशा ठिकाणी सेटलमेंट उभ्या राहिल्या. सोलापूरची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे देण्यात आली, आणि वस्तीला नाव मिळाले ‘उमेदपूर’.

सोलापूरची निवड आकस्मिक नव्हती. येथे १८७७ पासून सूतगिरणी चालू होती, तिला आज जुनी मिल म्हणतात. त्यामागून लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या निघाल्या. गिरण्यांना हात हवे होते, आणि येथे असे हात होते जे सोडून जाऊ शकत नव्हते. तारेच्या कुंपणातून निघून गिरणीत जावे, पाळी संपली की कुंपणात परतावे, रात्री हजेरी द्यावी, असा दिनक्रम ठरला. ज्यांची वागणूक चांगली ठरे, त्यांना कुंपणाबाहेरच्या फ्री कॉलनीत राहू देत. वर ज्या विशेषणाचा उल्लेख केला, त्याचा उगम हा.

या व्यवस्थेस न्याय देऊन बोलले पाहिजे. स्टार्ट हे निष्ठुर गृहस्थ नव्हते. पुढे अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करणारी जी समिती मुंबई सरकारने नेमली, तिचे ते अध्यक्ष होते, आणि डॉ. आंबेडकर व ठक्करबाप्पा तिचे सदस्य होते. त्या समितीचा १९३० चा अहवाल आजही वाचनीय आहे. सेटलमेंटमध्ये शाळा होत्या, दवाखाना होता, नियमित मजुरी होती. कित्येक कुटुंबांतील पहिले अक्षर तेथेच गिरवले गेले. परंतु त्याच कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळे काढून संस्थेत ठेवण्याचे अधिकार होते. त्याच कायद्याने, ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाल्यास सात वर्षांची आणि तिसऱ्यांदा झाल्यास जन्मठेप काळ्या पाण्याची तरतूद केली होती. शेजारच्या आळीतील माणसाने तीच चोरी केली तर त्याला काही महिने आणि याला काळे पाणी. फरक गुन्ह्यात नव्हता, तो जन्मदाखल्यात होता.

सेटलमेंटच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, काम आणि शाळा मिळताच हे लोक सुधारले. हा दावा आम्ही थोडा तपासून पाहू इच्छितो. तो खरा मानला तर असे ठरते की, महिन्याची मजुरी हाती पडू लागताच ‘रक्तातील’ दोष नाहीसा होतो. जो दोष गिरणीच्या पगाराने जातो, तो रक्तातला कसा? आणि तो दावा खोटा मानला, तर या सगळ्या कुंपणाचे आणि हजेरीचे प्रयोजन काय उरले? सेटलमेंट यशस्वी झाली असेल तर तिने आपल्याच मूळ कायद्याचा पाया खणून काढला. बांधून ठेवण्याचे कारण जन्म सांगावयाचे आणि सुधारण्याचा उपाय मजुरी सांगावयाचा, ही दोन विधाने एका वेळी खरी असू शकत नाहीत.

गुन्ह्यांच्या आकड्यांविषयी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आकडा हा जितका गुन्हेगाराने निर्माण केलेला असतो, तितकाच तो कायद्याने आणि पोलिसाच्या नजरेने निर्माण केलेला असतो. हजेरी चुकणे, परवानगीवाचून गाव सोडणे, संशयास्पद जागी आढळणे, हे या कायद्याखाली अपराध होते. शेवटच्या बाबीस तीन वर्षांपर्यंत कैद होती. आजारी बहिणीस पाहण्यासाठी शेजारच्या तालुक्यात गेलेला कुणबी हा भाऊ असे. तोच कैकाडी असेल तर फरारी आरोपी. अशा रीतीने नोंदले गेलेले अपराध बेरजेत पडत, आणि ती बेरीज पाहून ही जमात किती गुन्हेगार आहे, याचा निर्वाळा देण्यात येई. कायदा आधी गुन्हा घडवी, आणि मग तो गुन्हा कायद्याच्या समर्थनार्थ पुराव्यात दाखल होई.

येथे कोणी म्हणेल की, हे सगळे दयेचे बोलणे झाले. या जमातींत चोर नव्हते काय? होते. ज्याचे घर फुटले त्याला अर्थशास्त्राचे व्याख्यान देऊन भागत नाही, हेही आम्हांस मान्य आहे. शिवाय दारिद्र्याने गुन्हा होतो हे वाक्य सरसकट उच्चारण्यात एक नवा अन्याय आहे. १८७६ च्या दुष्काळात हजारो माणसे कोणाच्या कणगीस हात न लावता मेली. दारिद्र्यावरून गुन्हेगारी ठरवू लागलो तर जातीच्या जागी गरिबी बसवून आपण तोच कायदा पुन्हा लिहू. तेव्हा सिद्धांत इतकाच आणि इतक्या मर्यादेत मांडावा: परिस्थिती अमुक माणसास चोर करीत नाही, परंतु एकूण समाजात किती माणसांपुढे तो मोह उभा राहील, ते परिस्थिती ठरविते. व्यक्तीचा न्याय तिच्या कृत्यावरून करावा, आणि आकड्याचा जाब समाजाने द्यावा. १८७१ च्या कायद्याने नेमके उलटे केले. आकड्याचा जाब त्याने व्यक्तीस विचारला, आणि तोही तिच्या जन्माआधी.

हा कायदा गेला कसा, तेही सांगणे अवश्य आहे. १९३७ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली त्याची चौकशी झाली. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये तो रद्द केला. मध्यवर्ती सरकारने अनंतशयनम अय्यंगार यांची समिती नेमली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला. त्या सुमारास देशातील सुमारे २३ लाख माणसे त्याच्या छायेखाली होती. स्वातंत्र्याचा दिवस या माणसांना पाच वर्षे उशिरा उजाडला. विमुक्त समाज तो दिन आजही पाळतो.

सोलापुरात मात्र कुंपण निघाले त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. ऑगस्ट १९४९ मध्ये गैरव्यवस्थेमुळे जुनी मिल बंद पडली. हजारो कामगार बेकार झाल्यामुळे केंद्र सरकारला जानेवारी १९५० मध्ये खास वटहुकूम काढून ती ताब्यात घ्यावी लागली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मालमत्तेच्या हक्काविषयीचा एक आरंभीचा महत्त्वाचा निकाल त्यात लागला. भागधारकाच्या हक्काची इतकी सूक्ष्म चर्चा झाली, हे योग्यच होय. परंतु कुंपणातून सुटलेल्या माणसास जी एकमेव भाकरी ठाऊक होती, ती गिरणीची. आणि पुढल्या अर्धशतकात सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. सुटका झाली ती कायद्याची. जमीन, भांडवल वा धंदा यांपैकी काहीही तिच्याबरोबर आले नाही. १८६० साली लोहमार्गाने जे केले, त्याची ही जणू दुसरी आवृत्ती.

कायद्याचे भूतही पुरते गेले नाही. ‘सराईत गुन्हेगार’ या नव्या नावाचे कायदे त्याच्या जागी आले. मुंबई राज्याचा १९५९ साली झाला. त्यात जमातीचे नाव नाही. परंतु पोलिसाच्या स्मरणातून ते पुसले गेले नाही. रेणके आयोगाने २००८ साली आणि नंतर इदाते आयोगाने या समाजांच्या स्थितीचे चित्र देशापुढे ठेवले. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयास तुरुंगांतील जातिभेदाविषयी निकाल देताना, विमुक्त जमातींतील लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे स्पष्ट बजावावे लागले. कायदा रद्द झाल्यावर ७२ वर्षांनी हे सांगावे लागते, यातच सर्व आले.

न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण पोलिसाच्या मनातला शिक्का हा आपल्या मनातल्या शिक्क्याची प्रत असतो. आळीत चोरी झाली की प्रथम कोणत्या वस्तीचे नाव आपल्या तोंडी येते, घरकामास आलेल्या बाईचे आडनाव ऐकून आपण कपाटाची किल्ली कोठे ठेवतो, वर्गातल्या कोणत्या मुलाचे दप्तर आधी झडते, हे गॅझेटात छापले जात नाही. ते घराघरांत ठरते. १८७१ च्या पुस्तकाची शेवटची प्रत सरकारी कपाटातून केव्हाच काढून टाकली गेली. दुसऱ्या पुस्तकातील ती एक ओळ मात्र, गुन्हे वाढले तर आधी लोकांच्या पोटाकडे पाहावे असे सांगणारी, जपून ठेवण्याजोगी आहे; आणि ती वाचण्यास कलेक्टराची कचेरी लागत नाही.